दहावीसाठी घेतलेलं केमिस्ट्री किट, बरेच महिने वापरून झाल्यावर

पोरगी दहावीला म्हणून जूनमधे रसायनांचं एक किट ऑनलाइन मागवलं होतं, आता बोर्डाची परीक्षा तोंडावर आलीये तर लिहून टाकतो.

पैसे वसूल झाले ते मोरचुदाच्या (म्हणजे कॉपर सल्फेट) प्रयोगात. विज्ञान भाग १ मधे रासायनिक अभिक्रियांचा धडा आहे त्यात विस्थापन येतं, म्हणजे जास्त क्रियाशील धातू कमी क्रियाशील धातूला त्याच्या संयुगातून बाहेर काढतो, लोखंड तांब्यापेक्षा जास्त क्रियाशील वगैरे, ती नुसती घोकत होती. नळीत मोरचुदाचं निळं पाणी घेतलं, पॉलिश पेपरने घासलेला खिळा सोडला, थोड्या वेळात खिळ्यावर तांबूस थर चढला आणि सकाळी बघतो तर निळा रंग उतरून पाणी फिकट हिरवट. सासरे चोपड्याकडचे, लिंबाची बाग आहे त्यांची, तिथे बुरशीसाठी मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण फवारतात, ते म्हणे "यात काय नवीन, बोर्डो करताना आम्ही विळा बुडवून बघतोच ना!" आणि खरंच की, १ टक्का बोर्डोला १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी, आणि विळ्यावर तांबूस चढलं की समजायचं चुना कमी पडला, अजून टाका. म्हणून तर ते प्लास्टिकच्या ड्रममधे करतात, लोखंडी भांड्यात नाही. पोरीने आजोबांना तिथेच समीकरण लिहून दाखवलं, ते म्हणे असू दे.

कॅल्शिअम क्लोराइड आणि धुण्याच्या सोड्याचं पाणी एकत्र केलं की दुधासारखा पांढरा साका येतो, तेही छान. बाकीचे प्रयोग ठीकठाक.

आता तक्रारी. लिटमसची पट्टी पावसाळ्यात दमट होऊन वाया गेली, पुस्तिका फक्त इंग्रजी-हिंदीत, आणि सगळी समीकरणं आधीच संतुलित करून छापलेली, म्हणजे मुख्य अडचण तिथेच राहते. संतुलित करताना पोरं सूत्रातला खालचा आकडाच बदलतात, अरे पाण्यात ऑक्सिजनच्या खाली २ लिहिला की ते पाणी राहतच नाही, हायड्रोजन पेरॉक्साइड होतं! आकडा सूत्राच्या आधी, डावीकडे लावायचा. हे कागद-पेन घेऊन बसल्याशिवाय येत नाही, किट कितीही महागाचं आणा.

मोरचूद कृषी केंद्रात सुटं मिळतं, सोडा किराणा दुकानात, त्यामुळे ते संपलं तरी अडत नाही. फक्त मोरचूद विषारी आहे, जेवणाच्या भांड्यांना लागू देऊ नका. मॅग्नेशिअमची फीत मात्र संपलीये, भुसावळ-जळगावात सुटी कुठे मिळत असेल तर सांगा राव.