रोलरमध्ये अडकलेला मेंदीचा केस

"भाऊ, टाळू दिसून राहिली आता," असं माझा न्हावी गेल्या उन्हाळ्यात म्हणाला, तेव्हा घरात माझ्यासाठी स्थळं पाहणं सुरू होतं. वय एकतीस, नोकरी बुटीबोरीला एमआयडीसीत, आणि बायोडाटाला लावलेला फोटो तीन वर्षांपूर्वीचा. अशा माणसाला गंडवायला फार डोकं लागत नाही, हे आधीच कबूल करतो.

नागपूरच्या धरमपेठेतलं एक हेअर क्लिनिक. बाहेर ४५ डिग्री, आत एसी, हातात थंडगार सब्जाचं पाणी. कोट घातलेल्या मॅडमनी कॅमेऱ्यातून टाळू दाखवली आणि मग टॅबवर एक आलेख उघडला. मुंबईच्या सायन हॉस्पिटलमधल्या त्वचारोग विभागाचा अभ्यास, २०१३ सालचा. शंभर पुरुष, बारा आठवडे. नुसतं मिनॉक्सिडिल, म्हणजे केसांसाठी टाळूला लावायचं औषध, लावणाऱ्यांच्या डोक्यावर ठरावीक जागेत सरासरी २२ केस वाढले, टाळूवर बारीक सुयांचा रोलर फिरवलेल्यांच्या ९१. "सर, ही सुईची कमाल आहे. औषधाची कटकटच नाही."

अभ्यास खरा आहे. घरी येऊन मी तो शोधला, सापडला, आणि तिथेच माझी विकेट गेली. आकडे जुळले म्हणून पुढचं वाचलंच नाही. सुया फिरवलेला गटसुद्धा रोज पाच टक्क्यांचं मिनॉक्सिडिल लावत होता. म्हणजे तुलना औषध विरुद्ध सुई अशी नव्हतीच. औषध, आणि औषध अधिक सुई अशी होती. माझ्याशी कोणी धडधडीत खोटं बोललं असतं तर कदाचित मी सावध झालो असतो. खरं अर्धंच सांगितलं की माणूस उरलेलं अर्धं स्वतःच्या सोयीनं भरतो.

आठ सिटिंगचं पॅकेज ३६,००० रुपये. "आजच बुक केलं तर." इतके पैसे नाहीत म्हटल्यावर मॅडमनी माझाच मोबाइल मागितला, आधार-पॅन टाकलं, ओटीपी मी वाचून दाखवला आणि दहा मिनिटांत माझ्या नावावर कर्ज झालं. महिना ३,००० चा हप्ता, बारा महिने. मी समजत होतो क्लिनिकला हप्त्यानं पैसे देतोय. तसं नव्हतं. क्लिनिकला फायनान्स कंपनीकडून पैसे मिळाले होते. देणं लागत होतो तो मी, त्या कंपनीचं. ही बाब नीट लक्षात ठेवा, कारण पुढे सगळं इथेच अडलं.

पहिल्या सिटिंगला बधिर करणारं क्रीम लावून पंधरा मिनिटांत सुरुवात. डोळ्यांतून पाणी आलं. वरून बिनलेबलच्या बाटलीतलं "ग्रोथ सीरम" चोळलं. परतताना शंकरनगर चौकात सिग्नलला छाती अशी धडधडायला लागली की स्कूटी बाजूला लावून पाणपोईजवळ बसलो. आई म्हणाली, "काहून रे, ऊन लागलं का?" मलाही तेच वाटलं. दुसऱ्या सिटिंगनंतर पुळ्या आल्या. फोनवर उत्तर मिळालं, "हीलिंग आहे सर." केस जास्त गळायला लागले तर, "जुने जातात, नवे येतात सर."

तिसऱ्या वेळी क्रीम लावून आरशासमोर बसलो होतो. मुलीनं स्टीलच्या ट्रेतून रोलर उचलला, कापसानं पुसला. ती हातमोजे घालायला वळली तेवढ्यात माझी नजर गेली. रोलरच्या चाकाशी, दांडीला जिथे ते जोडलेलं असतं तिथे, एक लांब केस गुंडाळलेला. लालसर. मेंदीचा. माझ्या डोक्याला जन्मात मेंदी लागलेली नाही.

मी मोबाइल काढून फोटो घेतला. मुलगी घाबरली. बिचारी वीस-बावीसची असेल; तिच्यावर माझा आजही राग नाही. म्हणाली, "सर, स्पिरिटमध्ये बुडवून ठेवतो ना आम्ही." मी क्रीम लावलेल्या डोक्यानिशीच बाहेर पडलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेडिकलला, म्हणजे नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात, त्वचारोगाच्या ओपीडीत. रांग मोठी, पण डॉक्टरांनी केसांना हात लावायच्या आधी विचारलं, "कोंडा कधीपासून आहे?" दोन वर्षांपासून. खवले धरलेल्या, लाल झालेल्या टाळूवर सुया फिरवायच्याच नसतात, आधी ते बरं करायचं असतं. हा प्रश्न त्या एसीत एकदाही कोणी विचारला नव्हता. जखमेवर केलॉइड, म्हणजे जाड वाढत जाणारा व्रण, धरतं का, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का, हेही नाही. सीरमचं ऐकून ते म्हणाले, त्यात मिनॉक्सिडिल असेल तर धडधड त्याचीच असू शकते. ते मुळात रक्तदाबाचं औषध, आणि नुकतीच भोकं पाडलेल्या कातडीतून जास्त आत जातं. म्हणून सिटिंगनंतर निदान चोवीस तास ते लावायचं नसतं.

मग रक्त तपासणी. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी. एकदा करून सुटका नाही, काही महिन्यांनी पुन्हा. या काळात आलेलं एक चांगलं स्थळ मी काहीतरी कारण सांगून पुढे ढकललं. ३६,००० पेक्षा हे जास्त लागलं. सगळे रिपोर्ट निगेटिव्ह आले.

पैशाचं सांगतो. बिलावर "ब्युटी सर्व्हिस" लिहिलेलं, डॉक्टरचं नाव नाही, नोंदणी क्रमांक नाही. कोटवाल्या मॅडम डॉक्टर नव्हत्याच; महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या यादीत नाव पाहायला मला दोन मिनिटं लागली असती. हप्ता बंद करतो म्हटलं तर फायनान्सवाले म्हणे, तुमचं भांडण क्लिनिकशी, आमचं कर्ज वेगळं. हप्ता चुकवला तर सिबिल खराब, म्हणून भरत राहिलो. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, फोटो आणि मेडिकलचे कागद जोडून क्लिनिकला रजिस्टर्ड पोस्टानं नोटीस पाठवली. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी लागत नाही, हे नोटिशीत मुद्दाम लिहिलं. क्रीम लावून सोडलेलं तिसरंही मोजून, उरलेल्या पाच सिटिंगचे २२,५०० रुपये दीड महिन्यानं परत आले. बाकीचे बुडाले.

आता एका त्वचारोगतज्ज्ञांकडे जातो. कोंडा आटोक्यात यायला दोन महिने गेले, मग मिनॉक्सिडिल, मग सुया. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, जिथे टाळू गुळगुळीत झालीय तिथे आशा कमी, बारीक झालेले केस जाड होऊ शकतात, सहा महिने धीर धरा. गॅरंटी मागितली तर हसले. क्रीम लावून पाऊण तास बसवतात. सुयांचं सीलबंद पाकीट माझ्यासमोर फोडतात, काम झालं की माझ्यासमोरच लाल झाकणाच्या सुयांच्या डब्यात टाकतात. मी घरच्या घरी ऑनलाइन रोलर मागवू का म्हणून विचारलं होतं. "कंगवा उसना देता का कोणाला?" एवढंच म्हणाले, आणि मग किती खोल, किती दाबून हे तुम्हाला आरशात दिसणार नाही, असं म्हणून विषय संपवला.

परवाच त्या धरमपेठेतल्या क्लिनिकचा मेसेज आला. "डियर सर, तुमची पाच सिटिंग बाकी आहेत. मान्सून ऑफरमध्ये एक फ्री." फोटोतला तो लाल केस मी त्यांना उत्तरादाखल पाठवला. निळ्या टिका आल्या, उत्तर आलं नाही.