पिल्लाचा पॉटी ट्रे: नागपुरात आठ महिने वापरल्यानंतरचा अनुभव

दिवाळीचे फटाके पुरते थांबल्यावर, नोव्हेंबरात, आम्ही शिह त्झू जातीचं नऊ आठवड्यांचं पिल्लू घरी आणलं. तिचं नाव गोटी. आम्ही त्रिमूर्तीनगरात दुसऱ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट नाही, अंगण नाही, पश्चिमेला एक गॅलरी आहे. त्याच आठवड्यात कृत्रिम गवताचा प्लास्टिकचा पॉटी ट्रे मागवला. आता जून संपत आलाय. थंडी, ऊन आणि पावसाची सुरुवात असं सगळं त्या ट्रेवरून गेलंय, म्हणून सविस्तर लिहिते.

ट्रेचे तीन थर आहेत. वर गवताची चटई, मध्ये जाळी, खाली शू साठायचा ट्रे. लांबी साधारण दोन फूट, रुंदी दीड. मला तो सोळाशेच्या आसपास पडला. सोबत धुता येणारे दोन पॅड आणि वापरून फेकायच्या पॅडचं एक पाकीट घेतलं. शूचा वासच मोडून काढणाऱ्या एन्झाइम क्लीनरची बाटली नंतर घेतली. ती पहिल्याच दिवशी घ्यायला हवी होती, आणि त्याचं कारण पुढे येईलच.

आधी ट्रे का, ते सांगते. अनेक जण म्हणतात, कुत्रं आहे, खाली न्या. पण गोटीचं एकच इंजेक्शन झालं होतं. पार्वो आणि डिस्टेंपर या पिल्लांच्या जीवघेण्या आजारांवरच्या लशींचे डोस साधारण सोळा आठवड्यांपर्यंत चालतात, आणि तोवर जिथे रस्त्यावरची कुत्री फिरतात त्या जमिनीवर पिल्लाला ठेवू नका असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणजे जानेवारीपर्यंत घरातच सोय करणं भाग होतं. दुसरं म्हणजे छोट्या जातीच्या पिल्लाची मूत्राशयाची पिशवी अगदी इवलीशी असते. वयाचे जितके महिने, त्यात एक मिळवून जितके तास येतील तितका वेळ पिल्लू फार तर थांबू शकतं असा ढोबळ हिशेब सांगतात, पण तो झोपेतला. जागी असताना, खेळताना गोटीला पाऊण-एक तासाने लागायचीच. तेवढ्यात तिला उचलून दोन जिने उतरायचे म्हणजे वाटेतच काम व्हायचं.

पहिले पंधरा दिवस ट्रेचा काहीही उपयोग झाला नाही, हे स्पष्ट सांगते. रोज सात-आठ वेळा फरशीवर, आणि त्यातल्या निम्म्या वेळा देवघरासमोर. सासूबाईंचा जीव नुसता कासावीस व्हायचा. "जागा हीच भेटली का गं हिला?" त्या सोवळ्यात पूजेला बसणाऱ्या, त्यांचं चुकत नव्हतं. आमचं चुकत होतं. पोछा लावणाऱ्या मावशी शू दिसली की त्यावर फिनाइल ओतून फडकं फिरवायच्या. आपल्याला फिनाइलचा वास आला की जागा स्वच्छ झाली असं वाटतं. कुत्र्याच्या नाकाला मात्र खालचा शूचा वास तसाच येत राहतो, आणि जिथे तो वास तिथेच परत जायचं हे त्याच्या रक्तातच आहे. मग एन्झाइम क्लीनर आणलं. आधी कोरड्या कापडाने टिपून घ्यायचं, मग क्लीनर शिंपडून दहा-पंधरा मिनिटं तसंच सोडायचं, घाईने पुसायचं नाही. मावशींना एकदा शेजारी बसून दाखवलं, त्यांनी लगेच उचललं. आठवडाभरात देवघराची जागा सुटली. शूचं शेवटचं फडकं मात्र आम्ही ट्रेच्या चटईखाली ठेवलं, म्हणजे वास तिथे राहील.

या काळातली आमची खरी चूक वेगळीच होती, आणि तिची मला अजून रुखरुख लागते. ओळखीच्या एका काकांनी सांगितलं, वर्तमानपत्राची गुंडाळी करून एक फटका द्या, आणि शूवर नाक घासा, दोन दिवसांत सुधारते की नाही पाहा. घरात एकदा तसं झालं. फटका हळूच होता, आवाजच मोठा होता. त्यानंतर गोटी आमच्यासमोर शू करेनाशी झाली. आम्ही ट्रेवर नेऊन बसवलं की कान मागे टाकून नुसती आमच्या तोंडाकडे बघत राहायची, आणि खाली सोडलं की दिवाणाखाली शिरायची. एक दिवस दिवाण सरकवला तर भिंतीलगत सुकलेले पाच-सहा डाग. घरात शू करू नये हे ती शिकलीच नव्हती. माणसांच्या देखत शू करणं धोक्याचं असतं, एवढंच ती शिकली होती. ते विसरायला तिला जवळजवळ महिना लागला. ज्यांच्या घरी पिल्लू येणार आहे त्यांना हात जोडून सांगते, हे करू नका. झालेल्या शूवरून दहा मिनिटांनी रागावलं तर पिल्लाला त्याचा संबंधच लागत नाही, त्याला फक्त तुमचा चेहरा दिसतो.

त्यानंतर आम्ही घड्याळ धरलं. झोपेतून उठली की ट्रे, खाल्लं की पंधरा-वीस मिनिटांत ट्रे, खेळ थांबला की ट्रे, आणि जागी असेल तर दर पाऊण तासाला ट्रे. पोटात अन्न गेलं की आतडी हलायला लागतात, म्हणून जेवणानंतरची वेळ जवळजवळ कधीच चुकत नाही. जेवणंही तीन ठरावीक वेळांनाच द्यायला लागलो, दिवसभर वाटी भरून ठेवणं बंद. रात्री अकरा, दोन आणि पाचचा गजर. दोनचा माझा, पाचचा नवऱ्याचा. डिसेंबरच्या शेवटी पारा आठ-नऊवर आला होता, त्या थंडीत उठणं जिवावर यायचं. पण रात्री दिवा न लावता, न बोलता, नुसतं उचलून ट्रेवर आणि परत अंथरुणात, असं केल्याने ती खेळायला जागी होत नसे. साडेतीन-चार महिन्यांची झाली तेव्हा दोनचा गजर आपोआप सुटला.

सगळ्यांनी एकच शब्द वापरायचा हे ठरवणं मला आधी किरकोळ वाटलं होतं. मी "शू कर" म्हणायचे, मुलगा "गो गो" म्हणायचा, सासूबाई "चल बाई, कर लवकर". शेवटी सासूबाईंचंच "कर लवकर" ठेवलं. ट्रेवर झालं की तिथल्या तिथे, ती उतरायच्या आत, उकडलेल्या चिकनचा हरभऱ्याएवढा तुकडा. स्वयंपाकघरात जाऊन आणेपर्यंत वेळ निघून जातो, म्हणून डबी गॅलरीच्या खिडकीतच ठेवली. मुलाने वहीत रकाने आखले होते, वेळ, ट्रेवर की फरशीवर, आणि कोणाचं लक्ष होतं. तो तिसरा रकाना फार कामाचा ठरला. फरशीवरच्या जवळपास सगळ्या वेळा "कोणाचंच नाही" असं लिहिलेलं असायचं. म्हणून लक्ष ठेवायला कोणी नसेल तेव्हा तिला जाळीच्या कुंपणात ठेवायला लागलो, एका टोकाला अंथरूण, दुसऱ्या टोकाला ट्रे.

जानेवारीतली एक रात्र आठवते. ट्रे तेव्हा थंडीमुळे गॅलरीतून हॉलमध्ये आणला होता. मी अर्धवट झोपेत होते, आणि फरशीवर नखांची टक टक ऐकू आली, मग चटईवर गेल्याने आवाज थांबला. पाणी पडल्याचा बारीक आवाज. मग पुन्हा टक टक, आणि ती येऊन माझ्या पलंगाशी उभी राहिली, चिकनसाठी. मी अंधारात डबी शोधत होते आणि डोळ्यांत पाणी आलं होतं.

आता ट्रेबद्दल. जाळी आणि खालचा ट्रे उत्तम आहेत. शू खाली जाते, पाय ओले राहत नाहीत, आठ महिन्यांत कुठे चीर नाही. साध्या पॅडपेक्षा हा फार बरा. पॅड गोटीने तिसऱ्याच दिवशी फाडला. आतला पाणी शोषणारा दाणेदार माल पोटात गेला तर आतड्यात अडकू शकतो, त्यामुळे उघडा पॅड मी कोणत्याही पिल्लाला देणार नाही. जाळीखाली पॅड घातला तर चालतं.

गवताची चटई मात्र नागपूरच्या उन्हाळ्यासाठी बनलेली नाही. मार्चच्या शेवटी ट्रे परत गॅलरीत ठेवला आणि एप्रिलमध्ये गोटी अचानक फरशीवर करायला लागली. मला वाटलं, सगळं शिकलेलं गेलं. एका दुपारी चारला ती ट्रेपर्यंत गेली, पुढचा एक पाय ठेवला, झटकन उचलला, दुसरा ठेवला, तोही उचलला, आणि मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी चटईवर तळहात टेकवला, दोन सेकंदही टेकवता आला नाही. पश्चिमेचं ऊन दुपारभर त्या प्लास्टिकच्या गवतावर पडत होतं. त्याच दिवशी ट्रे बाथरूमसमोरच्या पॅसेजमध्ये आणला आणि प्रश्न मिटला. रोज थोडं थोडं सरकवायला हवं होतं, पण तेवढा धीर नव्हता. दोन दिवस तिला जुन्या जागेवरून नव्या जागेवर हाताने न्यावं लागलं, एवढंच.

याच गवताचा आणखी एक परिणाम झाला, जो माझ्या ध्यानीमनीही नव्हता. कूलरच्या ताट्या बदलल्या, तेव्हा जुनं ओलं गवत हॉलमध्ये काढून ठेवलं होतं. गोटी सरळ त्या ढिगावर जाऊन बसली आणि करून मोकळी. तिने काहीच चूक केली नव्हती. लहानपणी पायाखाली जो स्पर्श येतो तो कुत्र्याच्या डोक्यात बसतो, आणि आम्हीच तिला गवत म्हणजे शूची जागा असं शिकवलं होतं. त्याचा फायदाही आहे. आता सकाळी सहाला खाली नेलं की बागेच्या कडेचं गवत दिसलं की लगेच करते. उन्हाळ्यात सहाच्या नंतर नेऊच नये, शिह त्झूचं नाक चपटं, तिला धाप लवकर लागते, आणि डांबर तापलं की पंजे भाजतात. संध्याकाळी आम्ही आठनंतरच उतरतो.

पाणी कमी दिलं तर शू कमी होईल, असा सल्ला उन्हाळ्यात दोघांनी दिला. पंचेचाळीस अंशांत इवल्या जिवाचं पाणी तोडायचं ही कल्पनाही मला सहन होत नाही. मे महिन्यात गोटी कूलरसमोर पडून राहायची आणि दुप्पट पाणी प्यायची. आम्ही ट्रे दिवसातून दोनदा धुतला.

मार्चमध्ये आठवडाभर ती दर वीस मिनिटांनी ट्रेवर जाऊन थेंब थेंब करत होती, काही वेळा वाटेतच. घरात पुन्हा "हट्टी झाली" असा सूर निघाला. सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात नेलं, लघवी तपासली, संसर्ग निघाला. औषधाचा कोर्स पूर्ण केल्यावर पूर्ववत झाली. शिकलेलं पिल्लू अचानक बिघडलं तर आधी लघवी तपासून घ्या.

पावसाळ्यात चटई वाळत नाही आणि दुसऱ्या दिवशी आंबूस वास येतो. सुटी चटई मिळते, मी दुसरी आणली, एक वाळते तेव्हा एक वापरात. दोन चटया सोबत देऊन किंमत थोडी वाढवली असती तर बरं झालं असतं.

परत घेईन का? ट्रे घेईन, क्लीनर घेईन, पॅडची पाकिटं घेणार नाही. दिवसभर घर बंद असेल तर फक्त ट्रेच्या भरवशावर छोटं पिल्लू आणू नका. पहिले चार महिने घरात कोणीतरी माणूस लागतंच, आमच्याकडे सासूबाई होत्या. वहीतली फरशीवरची शेवटची नोंद चार मे रोजीची आहे. तिसऱ्या रकान्यात "आजी झोपली होती" असं लिहिलंय, आणि त्याखाली सासूबाईंनी स्वतःच्या अक्षरात, "नाही, देवपूजा चालू होती."