गुडघ्यांसाठी काय बरं: चालणं, सायकल की पर्वती?

चाळिशी उलटली की पुण्यात कुणीतरी सांगतं रोज चाल, कुणी म्हणतं सायकल घे, आणि एखादे काका असतातच जे पर्वतीची टेकडी चढ म्हणून मागे लागतात. गुडघा सुजलेला असेल, मध्येच अडकत असेल किंवा रात्री ठणकत असेल तर आधी ऑर्थोपेडिककडे जा. बाकी ज्यांना आत्ता विशेष त्रास नाही पण पुढे नको म्हणून आजच काहीतरी सुरू करायचंय त्यांच्यासाठी हे.

चालून चालून गुडघे झिजतात असं आपल्याकडे सर्रास बोलतात, पण तसं नाहीये. गुडघ्यातल्या कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत गादीला, स्वतःचा रक्तपुरवठाच नसतो, पाऊल पडलं की ती दबते, उचललं की सुटते, आणि या दाब-सुटीत सांध्यातलं वंगण आतबाहेर होऊन तिला पोषण मिळतं, म्हणजे नुसतं बसून राहणंच जास्त महागात पडतं. दहा हजार पावलांचं टेन्शन मात्र घेऊ नका, तो आकडा १९६० च्या दशकात जपानमध्ये पावलं मोजायच्या एका यंत्राच्या मार्केटिंगमधून आलाय. वीस मिनिटांपासून सुरू करा, आणि बुटाचा सोल एका बाजूने घासला असेल तर बूट बदला.

आता सायकल. सपाट रस्त्यावर चालताना गुडघ्यावर वजनाच्या साधारण अडीच पट भार येतो, सायकलवर तो वजनाइतका किंवा थोडाच जास्त असतो, त्यामुळे वजन जास्त असलेल्यांना मी आधी सायकलच सांगेन. पण सीट! निम्मे लोक सीट खाली ठेवून चालवतात, पाय जमिनीला टेकले पाहिजेत म्हणून, आणि मग वाटीच्या पुढे दुखतं. पेडल अगदी खाली असताना गुडघा जेमतेम वाकलेला हवा, आणि चढावर हेवी गिअर टाकून जोर काढू नका. तोटा एकच, हाडांना चालण्याइतका फायदा होत नाही, पाळी गेलेल्या बायकांनी हे लक्षात ठेवावं. (आणि पुण्याचं ट्रॅफिक, त्याबद्दल न बोललेलंच बरं.)

पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढायला मस्त, मांड्याही कामाला लागतात आणि दमही. भीती उतरायची. उतरताना भार वजनाच्या तिपटीच्याही वर जातो आणि नेमकं तेव्हाच आपण गप्पा मारत धाडधाड खाली येतो. हळू उतरा, लागलं तर कठड्याचा आधार घ्या, त्यात लाज कसली. रोज नको, आठवड्यातनं दोनदा पुरे, आणि वजन उतरेपर्यंत तर राहूच द्या.

यातलं काहीही निवडलंत तरी मांडीचे पुढचे स्नायू कमजोर असतील तर उपयोग अर्धाच. रोज खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा ऊठबस करा, टीव्ही बघताना केलंत तरी चालतं. आणि पोट कमी करा बाबांनो, एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चारेक किलोनं कमी होतो.

माझं विचाराल तर वजन आटोक्यात असेल तर चालणं, नसेल तर सायकल आणि जोडीला थोडं चालणं. नवीन काही सुरू केल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळीही दुखत असेल तर वेळ निम्मा करा, दोनतीन आठवड्यांत फरक नाही पडला तर मात्र दाखवून घ्या.