प्रॉक्समॉक्स व्हीई: चौदा महिने घरी चालवल्यावर

धायरीच्या माझ्या घरात दोन चिमुकले पीसी चौदा महिने दिवसरात्र चालू आहेत. एक बेडरूममधल्या टेबलाखाली, दुसरा हॉलमध्ये टीव्हीमागे. दोन्हींवर प्रॉक्समॉक्स व्हीई आहे, म्हणजे एका मशिनवर अनेक आभासी मशिन (व्हीएम) चालवण्याचं सॉफ्टवेअर. जुलै २०२४ मध्ये ८.२ टाकली, या महिन्यात नवव्या आवृत्तीवर आले. हे फुकट मिळतं खरं, पण मी सुरुवात केली ती त्यासाठी नाही. तेरा वर्षं ज्या कामावर घर चाललं, ते हातातून निसटेल अशी भीती वाटली म्हणून केली. व्हीएमवेअरवर (हेच काम करणारं, कंपन्यांतलं जुनं सॉफ्टवेअर) काम करणाऱ्या आणि पुढं काय या विचारानं झोप उडालेल्या लोकांसाठी हे लिहिते आहे.

कराडहून २०११ मध्ये पुण्यात आले ती थेट हिंजवडीत, नाइट शिफ्टच्या व्हीएमवेअर टीममध्ये. होस्टचं (व्हीएम ज्यावर चालतात त्या मशिनचं) पॅचिंग, विसरलेले स्नॅपशॉट, डेटास्टोअर भरला की पहाटे तीनचा कॉल. व्हीसेंटरमध्ये (व्हीएमवेअरच्या नियंत्रणाच्या पानावर) कुठलं बटण कुठं आहे हे झोपेतही सांगितलं असतं. २२ नोव्हेंबर २०२३ ला ब्रॉडकॉमनं व्हीएमवेअर घेतली, डिसेंबरात कायमस्वरूपी परवान्यांची विक्री थांबली, उरलं फक्त सबस्क्रिप्शन. फेब्रुवारीत फुकटची ईएसएक्सआय, म्हणजे होस्टवर बसणारं व्हीएमवेअरचं मूळ सॉफ्टवेअर, तीसुद्धा बंद झाली. (एप्रिल २०२५ मध्ये ती परत आली, तोवर मी इकडे रुळले होते.) आमच्या क्लायंटनं पुढचं रिन्युअल न करता बाहेर पडायचं ठरवलं. मॅनेजरनं मीटिंगमध्ये विचारलं, "केव्हीएम कुणाला येतं?" (केव्हीएम म्हणजे लिनक्सच्या आतलीच व्हीएम चालवण्याची सोय.) नऊ जणांच्या टीममधून एकही हात वर झाला नाही. माझाही नाही.

क्लासची चौकशी केली. फी भरमसाट, आणि शिकवणार ते पुन्हा स्क्रीनवरची बटणंच. त्यापेक्षा बुधवार पेठेत तापकीर गल्लीजवळच्या एका दुकानातून दोन जुने मिनी पीसी घेतले, आठव्या पिढीचे आय-फाइव्ह, सहा कोअरचे, साडेतेरा हजारांना एक. दुकानदार म्हणाला, "ताई, विंडोज टाकून देऊ ना?" नको म्हटल्यावर त्याला आश्चर्य वाटलं. एकाची रॅम ३२ जीबी केली, दुसऱ्याची १६. घरी आणल्यावर पहिल्याच संध्याकाळी अडले, कारण बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशनच बंद होतं. ते चालू केलं आणि वीस मिनिटांत इन्स्टॉल संपलं. ब्राउझरमध्ये ८००६ पोर्टवर पान उघडलं. प्रत्येक लॉगिनला सबस्क्रिप्शन नसल्याची एक पाटी येते. ओके दाबायचं, पुढं जायचं.

प्रॉक्समॉक्स व्हिएन्नाच्या एका कंपनीचं आहे, २००८ पासूनचं. खाली डेबियन लिनक्स, त्यात केव्हीएम, आणि वर हे वेब पान. काही बिघडलं की पान मिटून शेलमध्ये जाता येतं आणि तिथं सगळं उघडं असतं. प्रत्येक व्हीएमची माहिती एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये. चालू व्हीएम म्हणजे होस्टवरची एक प्रोसेस, टॉप या कमांडमध्ये दिसणारी. तेरा वर्षं व्हीएम हा शब्द रोज तोंडात होता, पण ती प्रोसेस असते हे त्या दिवशी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं. केव्हीएम लिनक्स कर्नलमध्ये २००७ पासून आहे. ॲमेझॉन क्लाउडच्या नायट्रो मशिनांचा हायपरवायझर (व्हीएम चालवणारा थर) त्यावरच बेतलेला आहे, गूगलचं क्लाउडही त्यावरच चालतं. म्हणजे टेबलाखाली जे शिकत होते ते ॲमेझॉनच्या मुंबई रीजनमध्येही (तिथल्या डेटासेंटरांत) कामाला येणारं होतं.

आता त्रासाचं सांगते, कारण खरं शिक्षण तिथंच झालं.

ईएसएक्सआयवरून व्हीएम आणण्यासाठी ८.२ मध्ये इम्पोर्टची सोय आली आहे आणि ती चांगली आहे. पण पहिली लिनक्स व्हीएम उठली ती नेटवर्कशिवाय. तासभर ब्रिज (आभासी नेटवर्क स्विच) तपासले, केबल बदलली. व्हीएमवेअरमध्ये कार्डाचं नाव ईएनएस१९२ होतं, इथं ते ईएनएस१८ झालं होतं, आणि आतली सेटिंग जुन्याच नावाला चिकटलेली. विंडोज सर्व्हरनं तर निळा पडदाच दाखवला, कारण व्हर्टआयओचा (केव्हीएमच्या आभासी डिस्कचा) ड्रायव्हर आत नव्हता. आधी डिस्क साटावर लावून बूट करायची, सोबत एक जीबीची रिकामी व्हर्टआयओ डिस्क जोडायची, ड्रायव्हर बसवायचा आणि मग मूळ डिस्क बदलायची. हे कळायला मला दोन रविवार लागले.

सगळ्यात मोठा धडा एका गुरुवारी मिळाला. गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जाते, हे पुणेकरांना सांगायला नको. बेडरूमचा सॉकेट इन्व्हर्टरवर आहे, हॉलचा नाही. माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे, त्याच्या प्रोजेक्टची व्हीएम मी बेडरूमच्या नोडवर (म्हणजे तिथल्या पीसीवर) ठेवली होती. मी ऑफिसात असताना त्याचा फोन आला. "मावशी, मशिन बंद करून परत चालू केली तर उठतच नाहीये. उद्या सबमिशन आहे गं." नोड चालू होता, इन्व्हर्टर चालू होता, तरी व्हीएम उठेना. एरर होती नो कोरमची, म्हणजे बहुमत नाही.

दोन नोडच्या क्लस्टरमध्ये, म्हणजे एकत्र जोडलेल्या मशिनांच्या गटात, मतं दोन, आणि बहुमतालाही दोनच लागतात. हॉलचा नोड लाइटीबरोबर गेला तसं बेडरूमच्या नोडचं बहुमत गेलं. चालू असलेल्या व्हीएम चालत राहिल्या, पण नवीन काही सुरू करायचा किंवा बदलायचा अधिकार उरला नाही. हा हट्टीपणा नाही. दोन नोडमधली नुसती केबल तुटली आणि दोघांनीही "दुसरा मेला" असं मानून तीच व्हीएम त्याच डिस्कवर सुरू केली, तर डेटाची माती होते. त्या वेळी व्हीपीएनवरून येऊन अपेक्षित मतं एकवर आणली, व्हीएम उठली, पोराचं सबमिशन झालं. पुढच्या रविवारी जुन्या लॅपटॉपवर डेबियन टाकून त्याला क्यूडिव्हाइस केलं, म्हणजे तिसरं मत. त्याची बॅटरी अजून दीड तास टिकते आणि आमची गुरुवारची लाइट बहुतेक वेळा तेवढ्यात येते. व्हीसेंटरमध्ये एचएच्या (होस्ट पडला की व्हीएम दुसरीकडे आपोआप उठवण्याच्या) चौकटीवर मी शेकडो वेळा टिक केली असेल. त्या टिकेमागे कुणाला तरी असाच निर्णय घ्यावा लागत असणार, हा विचार कधी मनात आला नव्हता.

लाइव्ह मायग्रेशन, म्हणजे चालू व्हीएम बंद न करता दुसऱ्या नोडवर हलवणं, मात्र मी हौसेनं पुन्हा पुन्हा करून पाहिलं. डिस्क त्याच लॅपटॉपवरून एनएफएसनं (नेटवर्कवरून) दिलेली, त्यामुळे हलवायची ती फक्त मेमरी. चार जीबीची निवांत व्हीएम माझ्या एक गिगाबिटच्या जाळ्यावर चाळीसएक सेकंदांत पलीकडे जाते. लॉगमध्ये दर सेकंदाला ओळ येते, किती गेलं, किती वेगानं. मग त्याच व्हीएममध्ये पोस्टग्रेस डेटाबेसवर मुद्दाम भार टाकला. आता अलीकडून मेमरीची पानं (तुकडे) पाठवावीत तोवर डेटाबेस मागची पानं बदलत होता, ती परत पाठवावी लागत होती, आणि मायग्रेशन संपेना. शेवटी प्रॉक्समॉक्सनं स्वतःच थांबण्याची मुभा थोडी वाढवली, व्हीएम क्षणभर थबकली आणि पलीकडे उतरली.

या मार्चमध्ये खराडीला एका इंटरव्ह्यूत विचारलं, "मायग्रेशन अडकलं तर काय बघाल?" मी हेच सांगितलं, फळ्यावर आकृती काढून. समोरच्यानं पुढचा प्रश्न व्हीएमवेअरचा विचारलाच नाही. मे महिन्यापासून तिथं आहे. काम व्हीएमवेअरवरून बाहेर काढण्याचं: काही व्हीएम केव्हीएमवर, काही ॲमेझॉनच्या मुंबई रीजनमध्ये, काही मायक्रोसॉफ्टच्या ॲझ्युअर क्लाउडच्या सेंट्रल इंडियात. हे सेंट्रल इंडिया म्हणजे आपलं पुणेच, २०१५ पासून.

तरी डोळे झाकून शिफारस करणार नाही. मी बघितलेल्या पुण्यातल्या नोकऱ्यांच्या जाहिरातींत प्रॉक्समॉक्सचं नाव क्वचितच होतं. लिनक्स, केव्हीएम, टेराफॉर्म, कुबरनेटिस असंच लिहिलेलं असतं. नुसतं प्रॉक्समॉक्स बायोडेटात टाकून कॉल येणार नाहीत, त्यावर काय केलं ते लिहावं लागेल. व्हीएमवेअरच्या डीआरएससारखं चालू व्हीएमचा भार आपोआप वाटणं मला आठव्या मालिकेत मिळालं नाही आणि त्याची उणीव जाणवते. कंपनीसाठी घेत असाल तर सबस्क्रिप्शन दर सॉकेटमागे वर्षाला असतं, आणि त्यांचा सपोर्ट ऑस्ट्रियाच्या कामाच्या वेळेत. आपल्या पहाटे तीनला तिकडे कुणी नसतं. ज्यांच्याकडे लिनक्स जाणणारा माणूस नाही त्यांनी मधला एखादा स्थानिक भागीदार आधी शोधावा.

साध्या एसएसडीवर झेडएफएस (ही फाइल सिस्टम) करू नका. माझ्या एका डिस्कचा झिजेचा आकडा वर्षात ११ टक्क्यांवर गेला. दोन्ही मशिनांना मिळून महिन्याला २२ युनिटच्या आसपास वीज लागते. आवाज जवळजवळ नाही, सासूबाईंनी पहिल्या उन्हाळ्यात एकदाच विचारलं, "अगं, टीव्ही बंद असून मागं काय घुमतंय?" पंखा साफ केल्यावर तेही थांबलं.

आठवरून नऊवर जाताना आधी त्यांची तपासणीची स्क्रिप्ट चालवा. मी एका वेळी एकच नोड घेतला, त्यावरच्या व्हीएम दुसऱ्यावर सरकवून. भाच्याची व्हीएम तेव्हा चालू होती. त्याला नंतर सांगितलं, तर म्हणाला, "कधी केलंस? मी तर त्यावरच बसलो होतो."