वहिनींसाठी रिव्हॉल्व्हर: हलकी की जड?

डॅलसचा मित्र बायकोसाठी दोन रिव्हॉल्व्हरांत अडकलाय: स्मिथ अँड वेसन ६४२ की रुगर एसपी१०१? (एच-१बी व्हिसावाल्यांनी इथेच थांबावं. शिकारीच्या परवान्यासारखे अपवाद सोडले तर अमेरिकी केंद्रीय कायदा त्यांना बंदूक बाळगू देत नाही. मित्र आणि वहिनी दोघांकडे ग्रीन कार्ड आहे.)

गोळ्या दोन्हींत पाचच. ६४२ ची चौकट अ‍ॅल्युमिनियमची, वजन साधारण ४१० ग्रॅम. एसपी१०१ अख्खी पोलादी, ७४० च्या आसपास. दिवसभर कमरेला लावली की हा फरक संध्याकाळी कळतो.

पण चाप ओढला की हिशोब उलटतो: हलकी बंदूक हाताला जास्त धक्का देते. ६४२ मधून पंधरा-वीस झाडल्यावर माझ्या अंगठ्याच्या बेचक्यात झणझणायला लागलं. एसपी१०१ मधून तीच .३८ स्पेशल गोळी, पन्नासची पेटी संपली तरी हात शाबूत. तिच्यात त्याहून जोरकस .३५७ मॅग्नम गोळीही चालते, नवशिक्याने त्या नादी लागू नये. ‘हलकी म्हणजे बायकांची’ हे दुकानदारांचं गणित मला कधीच पटलं नाही. दुखतं म्हणून सराव सुटतो.

६४२ चा घोडा (मागची हातोडी) आत झाकलेला, ओढणीत-पर्समध्ये अडकत नाही. नेहमीच्या एसपी१०१ चा बाहेर असतो. किमतीला एसपी१०१ बऱ्यापैकी जड.

वहिनी रेंजवर नेमाने जाणार असतील तर एसपी१०१. रोज अंगावर बाळगायची आणि सराव बेताचाच होणार, तर ६४२, रबरी मोठी मूठ बसवून. आधी दोन्ही भाड्याने घेऊन त्यांनाच झाडू दे, तू मागे उभा राहा.