बोर्डवॉक हॉल, अटलांटिक सिटी: रात्रीच्या तिकिटापेक्षा दुपारची फेरी बरी

अमेरिकेतील न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर अटलांटिक सिटी हे कॅसिनोंचे शहर आहे आणि तेथे समुद्रकाठाने जाणाऱ्या लाकडी फळ्यांच्या पायरस्त्याला लागून बोर्डवॉक हॉल उभा आहे. बहुतेक प्रेक्षक एखाद्या गाजलेल्या गायकाचे तिकीट काढून येतात, अंधारात मंचाकडे पाहत बसतात आणि परत जातात. आपण ज्या वास्तूत बसलो होतो ती त्यांच्या नजरेस पडतच नाही. कार्यक्रमांचे ठिकाण म्हणून हे सभागृह ठीकठाक आहे. वास्तू म्हणून मात्र ते मुद्दाम वाकडी वाट करून पाहावे असे आहे.

३१ मे १९२९ रोजी त्याचे उद्घाटन झाले, तेव्हा एवढे मोठे खांबविरहित दालन जगात क्वचितच कुठे असेल. तीन सांध्यांच्या पोलादी कमानी ३५० फुटांची रुंदी एका झेपेत ओलांडतात आणि मध्यभागी छत १३७ फुटांवर जाते. या मोकळ्या जागेचा उपयोग शहराने मनसोक्त करून घेतला. डिसेंबर १९६४ मध्ये लिबर्टी बोल हा महाविद्यालयीन अमेरिकन फुटबॉलचा सामना चक्क छताखाली, खरे गवत अंथरून खेळवला गेला. दुसऱ्या महायुद्धात येथे वायुदलाच्या जवानांचे प्रशिक्षण चाले. १९८८ मध्ये याच दालनात माइक टायसनने मुष्टियुद्धात मायकल स्पिंक्सला ९१ सेकंदांत आडवे केले. महागडी तिकिटे काढून उशिरा आलेल्यांची त्या रात्री काय अवस्था झाली असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

परंतु या वास्तूचा सर्वांत भारदस्त आठवडा ऑगस्ट १९६४ मधला. डेमोक्रॅटिक पक्षाचे अधिवेशन येथे भरले आणि लिंडन जॉन्सन यांची राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी निश्चित झाली. मिसिसिपीतून आलेल्या फॅनी लू हेमर यांनी, कृष्णवर्णीयांना मतदार नोंदणी करू पाहिल्याबद्दल काय सोसावे लागते, हे पक्षाच्या समितीपुढे उभे राहून सांगितले. कॅमेरे दुसरीकडे वळावेत म्हणून जॉन्सन यांनी ऐनवेळी पत्रकार परिषद घेतली, तरी हेमर यांची साक्ष त्या संध्याकाळी दूरचित्रवाणीवर देशभर पोहोचलीच. मिसिसिपीतून प्रतिनिधित्व मागायला आलेल्या त्यांच्या गटाला अधिवेशनात केवळ दोन जागा देऊ करण्यात आल्या आणि त्या त्यांनी नाकारल्या. अधिवेशन संपून तीन दिवस होतात न होतात तोच त्याच सभागृहात बीटल्सचा कार्यक्रम झाला. चार वर्षांनी, ७ सप्टेंबर १९६८ रोजी, आत मिस अमेरिका स्पर्धा रंगात आली असताना बाहेरच्या लाकडी रस्त्यावर स्त्रियांनी उंच टाचांचे बूट, कंबर आवळणारी कॉर्सेट आणि अंतर्वस्त्रे एका कचराकुंडीत टाकून निषेध नोंदवला. त्यांनी तेव्हा अंतर्वस्त्रे जाळल्याचे आजही सांगितले जाते, पण तसे काही घडले नव्हते.

आता भिंतींमागच्या गोष्टीकडे वळतो, कारण खरे आकर्षण तेच आहे. १९२९ ते १९३२ या काळात मिडमर-लॉश कंपनीने येथे पाइप ऑर्गन, म्हणजे नळ्यांतून हवा सोडून वाजवायचे वाद्य, बसवला. त्याच्या नळ्या ३३ हजारांहून अधिक आहेत आणि त्या सभागृहाभोवतीच्या आठ कक्षांत दडवलेल्या असल्यामुळे प्रेक्षकाला त्यांतली एकही सहसा दिसत नाही. दिसते ते वादकाचे आसन: एकावर एक रचलेल्या सात स्वरपट्ट्या आणि दोन्ही बाजूंना हजाराहून अधिक कळा. आपली पेटी एका हाताने भाता मारून वाजते. येथे ते काम शेकडो अश्वशक्तीचे विजेचे पंखे करतात. सर्वांत खालचा सूर ६४ फुटी नळीतून येतो. सेकंदाला जेमतेम आठ कंपने असलेला तो सूर कानाला ऐकू येण्याऐवजी छातीत आणि पायाखाली जाणवतो.

या वाद्याच्या वाट्याला मात्र हेळसांड आली. १९४४ च्या चक्रीवादळात समुद्राचे पाणी इमारतीत शिरून त्याच्या यंत्रणेची नासधूस झाली आणि २००१ मध्ये पूर्ण झालेल्या सभागृहाच्या नूतनीकरणात त्याची पुन्हा मोठी हानी झाली. त्यानंतर काही वर्षे ते मुकेच होते. त्या नूतनीकरणाबद्दल माझे मत संमिश्र आहे. छत आणि मूळ सजावट जपली गेली, हे श्रेय निःसंशय द्यायला हवे. आत उतरत्या आसनांचा वाडगा बसवल्याने आता सुमारे १४ हजार प्रेक्षकांची सोयही झाली, परंतु त्याच वाडग्यामुळे मूळ दालनाची विशालता आक्रसली आणि वरच्या रांगांतून ते एखाद्या नेहमीच्या क्रीडासंकुलासारखे दिसू लागले.

म्हणून माझी शिफारस अशी की, रात्रीच्या कार्यक्रमाचे तिकीट हाती नसले तरी उन्हाळ्यात, कामकाजाच्या दिवशी भर दुपारी ऑर्गनचे जे विनामूल्य वादन होते, त्याला जावे. ऑर्गनची दुरुस्ती देणग्यांच्या बळावर टप्प्याटप्प्याने चालू आहे, त्यामुळे सर्व नळ्या वाजतील अशी अपेक्षा धरू नये. मंचाची उभारणी चालू असेल तर वादन रद्दही होऊ शकते. तेव्हा निघण्यापूर्वी वेळापत्रक पाहून घ्यावे आणि आत शिरल्यावर मान वर करून छत पाहता येईल, अशा दालनाच्या मध्यावरच्या जागी बसावे.