बिटकॉइन: पैसे पाठवण्याचे साधन म्हणून तीन महिने

बिटकॉइन या बँकेविना चालणाऱ्या डिजिटल चलनाविषयी आपल्याकडे जे बोलले जाते ते बहुतेक त्याच्या भावाविषयी असते. मी मात्र ते तीन महिने केवळ पैसे पाठवण्याचे साधन म्हणून वापरून पाहिले आणि हे परीक्षणही तेवढ्यापुरतेच आहे.

वॉलेटच्या अ‍ॅपने नाव किंवा आधार क्रमांक विचारला नाही. पडद्यावर बारा साधे इंग्रजी शब्द क्रमाने आले आणि ते कागदावर उतरवून घ्यायला सांगितले गेले. मी ते वहीच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने लिहिले आणि पुसट होतील या धास्तीने नंतर शाईने गिरवले. २,०४८ शब्दांच्या ठरावीक यादीतले हे बारा शब्द म्हणजेच तिजोरीची किल्ली आहे. फोन हरवला तरी त्यांच्या आधारे पैसे परत मिळतात. फोन आणि कागद दोन्ही गेले, तर तक्रार नोंदवायला कुठलीही शाखा नाही.

पहिली रक्कम मी माझ्याच दुसऱ्या फोनवर पाठवली आणि शुल्क वाचवण्याच्या मोहात सर्वांत कमी दर निवडला. व्यवहार रात्रभर ‘प्रलंबित’ राहिला. चूक माझीच होती, कारण येथे शुल्क रकमेवर नव्हे, तर नोंदीला लागणाऱ्या जागेवर ठरते, आणि प्रत्येक ब्लॉकमधली, म्हणजे नोंदींच्या गठ्ठ्यातली, जागा मर्यादित असल्याने मायनर, म्हणजे यंत्रांवर गणिती कोडे सोडवून असे ब्लॉक सामायिक खातेवहीत जोडणारे, जास्त दर देणाऱ्याची नोंद आधी उचलतात. ब्लॉक सरासरी दहा मिनिटांनी एक तयार होतो. मायनरांची यंत्रे कितीही वाढली तरी दर २,०१६ ब्लॉकनंतर कोड्याची काठिण्यपातळी बदलून हा वेग राखला जातो. सकाळी शुल्क वाढवल्यावर वीस मिनिटांत नोंद झाली. मोठ्या रकमेसाठी सहा ब्लॉक, म्हणजे सुमारे तासभर, थांबण्याचा प्रघात आहे. वाण्याच्या दुकानात यूपीआयपुढे याचा निभाव लागणार नाही.

तरीही मला हे साधन पटले ते त्याच्या हिशेबामुळे. खातेवहीची पूर्ण प्रत जगभरातल्या हजारो संगणकांवर असते आणि त्यांतला प्रत्येक जण नवा ब्लॉक स्वतः तपासतो, त्यामुळे एखाद्या मायनरने शिलकीपेक्षा जास्त खर्चाची नोंद घुसवली तर बाकीचे तो ब्लॉकच नाकारतात. एप्रिल २०२४ पासून मायनरला प्रत्येक ब्लॉकमागे ३.१२५ नवी नाणी मिळतात, ती पुढे निम्मी होत जातील आणि एकूण संख्या २ कोटी १० लाखांपलीकडे जाणार नाही.

भारतात मात्र बँकेविना चालणारे हे चलन रुपयांत विकत घ्यायचे तर बहुधा बँक खाते आणि केवायसी यांतूनच जावे लागते. शिवाय नफ्यावर ३० टक्के कर आहे आणि तोटा त्यातून वजा होत नाही.

मी वॉलेट काढून टाकलेले नाही. वहीचे ते पान आता लोखंडी कपाटात आहे. त्याचा कप्पा घरात कोणाला सांगून ठेवावा, हे मात्र अजून ठरलेले नाही.